सुदान: धान्य पोहोचते, तरी लहान मुले कुपोषित का राहतात?

गोदाकाठ (प्रश्न):
सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून तेथील लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम सुदानातील उत्तर दारफुर प्रांतातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचे जाहीर झाले. हे नेमके कशाच्या आधारे ठरवतात? जागतिक अन्न कार्यक्रमाकडून ज्वारी, डाळ आणि तेल मिळते, तेथेही लहान मुलांसाठी वेगळा पोषण कार्यक्रम का लागतो? आणि धान्याऐवजी लोकांच्या हाती थेट पैसे दिले तर ते अधिक उपयोगी ठरणार नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातमाळा:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. 'आयपीसी' या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अन्नटंचाईचे पाच टप्पे आहेत आणि दुष्काळ हा त्यातील पाचवा. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, पाच वर्षांखालील किमान ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण आणि भूक व आजार यांमुळे दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू, असे त्याचे निकष आहेत. पावसाचा यात कोठेही उल्लेख नाही. अडचण अशी की, जेथे गोळीबार चालू आहे तेथे मुलांची मोजमापे घेणार कोण? 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेने झमझममधील बालमृत्यूंबद्दल फेब्रुवारी २०२४ मध्येच इशारा दिला होता. अधिकृत निष्कर्ष यायला ऑगस्ट उजाडला. त्याच काळात शेजारच्या चाड देशातून दारफुरमध्ये येणारा आद्रे येथील मार्ग सुदानच्या सरकारने मदतीसाठी बंद ठेवला होता. तो ऑगस्टमध्ये उघडला तेव्हा पावसाने रस्ते खचलेले होते. अन्न सीमेपलीकडे असूनही माणसे मरतात, ते अशा निर्णयांमुळे, आणि याला मी नैसर्गिक आपत्ती म्हणायला तयार नाही.

आहारवेध:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते, कारण मदतीच्या हिशेबात हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

आपत्कालीन शिधा साधारणतः माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरून ठरवतात. ही संपूर्ण लोकसंख्येची सरासरी आहे. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाचे पोट लहान असते. ज्वारीची पातळ पेज त्याने पोटभर प्यायली तरी वाढीला लागणारी ऊर्जा, चांगल्या प्रतीची प्रथिने, लोह आणि जस्त त्यातून पुरेसे मिळत नाही. शिवाय ज्वारी दळावी लागते, शिजवायला सरपण आणि पाणी लागते. दळणाचे पैसे भागवण्यासाठी शिध्यातलाच काही भाग विकण्याची वेळ छावण्यांमधील कुटुंबांवर येते. त्यात पाणी दूषित असेल तर जुलाब होतात आणि खाल्लेलेही अंगी लागत नाही. म्हणूनच लसीकरण आणि स्वच्छ पाणी हे माझ्या मते पोषण कार्यक्रमाचेच भाग आहेत.

मुलांची निवड दंडाच्या घेरावरून होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषित, म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम', ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित. अतितीव्र कुपोषित मुलाला भूक लागत असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल, तर शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे यांची तयार पेस्ट घरीच देता येते. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात. ती शिजवावी लागत नाही, तिच्यात पाणी घालावे लागत नाही, आणि म्हणूनच युद्धाच्या प्रदेशात तिचे मोल फार आहे. गुंतागुंत असलेल्या मुलाला मात्र रुग्णालयात ठेवून आधी सौम्य दुधाचे मिश्रणच द्यावे लागते. सुदानला लागणाऱ्या या पेस्टपैकी सुमारे ६० टक्के पुरवठा करणारा खार्टूममधील कारखाना मे २०२३ मध्ये जळून खाक झाला. इतक्या मुलांचे औषध देशातच तयार होत होते, तेही हातचे गेले, याचे मला विशेष दुःख आहे.

गोदाकाठ:
आपण दोघांनीही फार नेमके लिहिले आहे, आभारी आहे. रोख मदतीबद्दल कोणी सांगू शकेल का?

नीलमोहोर:
बाजार चालू असेल तेथे रोख मदत निश्चितच चांगली. दळण, सरपण की औषध, हे कुटुंबाला स्वतः ठरवता येते. सुदानमध्ये 'बनकक' या बँकिंग ॲपवरून परदेशातील नातेवाईकही पैसे पाठवतात. पण नेटवर्क बंद पडले की ही वाट थांबते, आणि खात्यातल्या रकमेच्या नोटा करून देताना व्यापारी भरमसाट दलाली कापतात. 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस'च्या वेढ्यातल्या एल फाशेर या उत्तर दारफुरच्या राजधानीत तर बाजारात मालच उरला नव्हता आणि लोक गुरांना घालायची शेंगदाण्याची पेंड खात होते. वेढा उठवावा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये केला होता. तरी तो कायम राहिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडले. अशा ठिकाणी नुसते पैसे वाढवले तर उरलासुरला माल आणखी महाग होतो.

तेथे जे अन्न मिळत होते, ते बरेचसे वस्त्यांमधील स्वयंसेवकांच्या 'तकाया' म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरांतून. त्यांना जमेल तसे पैसे पोहोचवणे ही रोख मदतच आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत आधी व्हायला हवी, कारण मोठ्या संस्थांचे ट्रक अडतात तेव्हाही या चुली पेटत होत्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा देशभरातील अशा शेकडो चुली बंद पडल्या.