लग्नपत्रिकेत नाव कोणतं टाकावं? उद्या संध्याकाळपर्यंत मॅटर द्यायचंय, मदत हवी आहे

सेलूकर_ताई
९ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. घाईत लिहायलेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डिसेंबरात घरात भावाचं लग्न आहे. प्रेसवाला म्हणायलाय, इलेक्शनची कामं अंगावर आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत मॅटर द्या नाहीतर वीस तारखेचं मतदान झाल्यावरच बघू. बाकी सगळं झालंय, एका नावावर अडलंय. खालच्या ओळीत आम्हा भावंडांची नावं आहेत, त्यात लहान्याचं कोणतं टाकावं? अप्पा म्हणतात जुनंच टाका, कु. लावून. नवरदेव म्हणतो नवीन टाका नाहीतर ती ओळच काढा. आई दोघांचं ऐकते अन् उठून आत जाते. अशा वेळी पत्रिकेत काय लिहितात? कुणी केलंय का? लवकर सांगा.

बिब्बा
९ नोव्हेंबर, रात्री ९:५२
ताई, जुनं म्हणजे काय अन् नवीन म्हणजे काय? लहान्या दत्तक गेला का? की कुणा ज्योतिषानं नाव बदलायला लावलं? 'लहान्या' म्हणता अन् 'कु.' लावता, आम्ही काय समजावं?

खिचडी_कढी
९ नोव्हेंबर, रात्री ९:५८
पत्रिका छापताच कशाला? आमच्याकडं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ केला, सनई लावून, शून्य खर्च. छापलेल्या पत्रिका शेवटी रद्दीतच जातात.

सेलूकर_ताई
९ नोव्हेंबर, रात्री १०:०५
अहो दत्तक नाही. जन्मानं मुलगी. आता पुण्यात नोकरीला आहे अन् तिथं मुलगा म्हणूनच राहतो. ऑफिसात, रूमवर सगळे नवीन नावानंच हाक मारतात. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू आहेत, दाढी आली, आवाज फुटला. मागं आईच्या मोबाईलवर मोठ्या आत्याचा फोन आला, यानं उचलला, तर आत्या "राँग नंबर" म्हणून ठेवूनच दिली. घरात आम्हाला माहीत आहे. भावकीला नाही.
व्हिडिओवाले दादा, अप्पा रिटायर्ड मास्तर आहेत. हळदीकुंकू लावलेली पत्रिका हातात दिल्याशिवाय त्यांच्या हिशोबानं आमंत्रणच होत नाही.

काकासाहेब_जिंतूरवाले
९ नोव्हेंबर, रात्री १०:१४
आमच्या काळी असलं काही नव्हतं. मोबाईल हातात आला अन् सगळं सुरू झालं. वडील म्हणतात तेच करा, त्यांच्या घरचं कार्य आहे. आणि कायद्यानं बघितलं तरी कोर्टातून हुकूम आणल्याशिवाय नाव बदललं असं होतच नाही.

आरटीआय_भाऊ
९ नोव्हेंबर, रात्री १०:३१
काका, कायदा काढलाच आहे तर नीट काढा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला, असं त्यात स्पष्ट आहे. पुढं २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा झाला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू. त्यातल्या कलम ६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं. कोर्ट नाही, वकील नाही, आजच्या, म्हणजे २०२४ च्या, नियमात वैद्यकीय तपासणीही नाही. राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र. नियमात ३० दिवसांची मुदत आहे. कलम ६ च्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असं येतं, 'पुरुष' पाहिजे असेल तर शस्त्रक्रियेनंतर कलम ७ खाली सुधारित घ्यावं लागतं. त्यावरून आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र सगळं बदलून घेता येतं आणि बदललेल्या कागदावर नंबर जुनाच राहतो.
ताई, भावानं अर्ज केलाय का? परभणीहून करणार की पुण्याहून? ज्या जिल्ह्यात सलग एक वर्ष राहायला आहे तिथूनच करायचा. दहावीसाठी लातूर बोर्डात जावं लागेल.

बिब्बा
९ नोव्हेंबर, रात्री १०:३८
परभणी लातूर बोर्डात नाही हो, संभाजीनगर विभागीय मंडळात येतं. लातूरकडं लातूर, नांदेड आणि धाराशिव.
आणि पत्रिकेला प्रमाणपत्र कोण मागतंय? आमच्या गावात 'पिंटूशेठ' नावानं पत्रिका छापली होती, कुणी आधार कार्ड बघितलं नाही.

लातूरचा_छपाईवाला
९ नोव्हेंबर, रात्री १०:५०
माझा धंदाच हा आहे म्हणून सांगतो. अडचण नावाची नसते, नावाच्या आधी काय लावायचं याची असते. चि., कु., सौ., श्री. इथंच भांडणं. उपाय सोपा आहे. भावंडांच्या ओळीत कुणालाच काही लावू नका, नुसती नावं ओळीनं. हल्ली बरेच जण असंच छापून घेतात, दिसायलाही बरं दिसतं. फारच अवघड असेल तर नावं काढून 'समस्त परिवार' टाका.
आणि त्या प्रेसवाल्याला म्हणावं, प्रूफ व्हॉट्सॲपवर न पाठवता कागदावर दे. या दिवसांत घाईत उमेदवाराचं चिन्ह पत्रिकेवर छापून जाईल, हसू नका, असं होतं.

गोदाकाठ
९ नोव्हेंबर, रात्री ११:०२
'समस्त परिवार' टाकलं की भावकी विचारणारच, नावं का गाळली? आमच्या चुलत्याचं नाव एका पत्रिकेत राहिलं होतं, अजून ते त्या घरचं पाणी पीत नाहीत.
माझं म्हणणं, दोन प्रकारच्या पत्रिका काढा. भावकीला जुन्या नावाची, मित्रमंडळींना नवीन नावाची. प्लेट बदलायचा खर्च जास्त नाही.

मधला_रस्ता
९ नोव्हेंबर, रात्री ११:२०
गोदाकाठ, हे मुळीच करू नका. मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे ताईंच्या लहान्यासारखाच, नांदेडचा. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात घरच्यांनी असंच केलं होतं. जुन्या नावाची पत्रिका मामानं देव्हाऱ्यामागं खोचून ठेवली, अजून तिथंच आहे. दरवेळी गेलो की नजर जाते. आणि दोन पत्रिका मांडवात एकमेकींना भेटतातच. एका टेबलावर दोन पाहुणे दोन नावं वाचतात अन् मग जी चौकशी सुरू होते, ती नवरी सोडून आपल्याचभोवती.
ताई, एक विचारू? अप्पांचं मत कळलं, नवरदेवाचं कळलं, आईंचंही कळलं. ज्याचं नाव आहे तो काय म्हणतो?

सेलूकर_ताई
९ नोव्हेंबर, रात्री ११:२६
त्याला अजून काही बोललो नाही. अप्पा नाही म्हणाले हे कळलं तर तो लग्नालाच यायचा नाही. आधी इथं ठरू द्या, मग सांगू.

मधला_रस्ता
९ नोव्हेंबर, रात्री ११:३०
त्याच्या नावाचं त्याला सोडून ठरवायलेत सगळे. पत्रिका हातात पडल्यावर कळलं तर मात्र नक्की येणार नाही.

मावशी_परतूर
१० नोव्हेंबर, सकाळी ७:१२
बाळांनो भांडू नका. ताई, मला वाटतं लग्नापुरतं जमवून घ्यावं. महिनाभर इंजेक्शनं थांबवली तर आवाज जरा मऊ होईल, दाढी करून घ्यावी, एखादी साधी साडी. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर पुण्याला जाऊन काय करायचं ते करावं.

वॉर्डातली_माई
१० नोव्हेंबर, सकाळी ७:४५
मावशी, नर्स म्हणून सांगते. टेस्टोस्टेरॉननं फुटलेला आवाज इंजेक्शन थांबवून परत येत नाही, महिनाच काय वर्ष थांबवलं तरी. चालू औषध डॉक्टरांना न विचारता मधेच बंद करायला सांगू नये. त्यात दाढीची निळी झाक दिसणाऱ्या माणसाला साडी नेसवून मांडवात उभं केलं तर लोकांच्या नजरा चुकतील की दुप्पट होतील?

काकासाहेब_जिंतूरवाले
१० नोव्हेंबर, सकाळी ८:०३
म्हणजे समाजानंच सगळं समजून घ्यायचं. टाळ्या वाजवणारे आता घरोघर होणार.

गोदाकाठ
१० नोव्हेंबर, सकाळी ८:२०
काका, ते वेगळं, हे वेगळं. तुम्ही ज्यांना म्हणता त्यांची गुरू-चेल्यांची घराणी असतात, त्यांचे रिवाज असतात. हा पोरगा नोकरी करून भाड्याच्या रूमवर राहतो. आणि 'आमच्या काळी नव्हतं' म्हणता, तर जिंतूरला आराधी येत नव्हते का? लुगडं नेसून, कवड्यांची माळ, हातात परडी, आई भवानीचा जोगवा मागत. तुमच्या आईनं त्यांच्या परडीत पीठ घातलंच असेल, पायाही पडली असेल. माळेगावच्या जत्रेत तमाशातल्या मावशीवर पागोटी उडवणारे कुठले होते?

काकासाहेब_जिंतूरवाले
१० नोव्हेंबर, सकाळी ८:३१
देवाचं वेगळं असतं. विषय भरकटवू नका.

बिब्बा
१० नोव्हेंबर, सकाळी ८:४४
बीड जिल्ह्यातल्या पोलीस ललित साळवेंचं आठवतं का? माजलगावला नोकरीला होते, २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्जला शस्त्रक्रिया झाली, खात्यानं पुरुष म्हणून नोकरीत ठेवलं, पुढं संभाजीनगरात लग्नही झालं. पेपरात पहिल्या पानावर होतं. इकडच्या लोकांना एवढंही नवीन नाही.

मधला_रस्ता
१० नोव्हेंबर, सकाळी ८:५८
बरोबर, पण ताईंच्या भावाला पेपरात यायचं नाहीये, भावाच्या लग्नात जेवायचंय.

लातूरचा_छपाईवाला
१० नोव्हेंबर, सकाळी ९:१५
गंमत सांगतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा पत्रिकेतल्या पत्त्यावरून गिऱ्हाइकं दुकानात भांडायची. काही जण दोन्ही छापून घ्यायची, 'म्हाताऱ्या माणसांना कळावं म्हणून'. आता कुणी विचारतही नाही.

संपादक_मंडळ
१० नोव्हेंबर, सकाळी ९:२०
शहरांच्या नामांतरावर इथं चर्चा नको. त्याचे धागे वेगळे आहेत आणि ते का बंद करावे लागले हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सेलूकर_ताई
१० नोव्हेंबर, दुपारी १:३५
फोन केला त्याला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, नवीन नाव टाकणार असाल तर टाका, नसेल तर माझं नावच नको, मी रागावणार नाही, पण कु. लावून जुनं छापलं तर मी पुण्यातच बरा. एवढं म्हणून पुढं म्हणतो, "ताई, पत्रिकेचं सोड. मंगल कार्यालयात मी कपडे कुठं बदलू ते सांग." आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. वरपक्षाला दोन मोठ्या खोल्या आहेत, एक बायकांची, एक पुरुषांची. बायकांच्यात तो जाणार नाही. पुरुषांच्यात चुलते, मामा, आतेभाऊ सगळे गाद्या टाकून पडलेले असतात, तिथं बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आतून आवळून घालतात तो) काढून शर्ट बदलायचा कसा? संडास-बाथरूमचंही तेच. मागं एका लग्नात सकाळपासून पाणी न पिता बसला होता म्हणे. मला आज कळलं.
यावर काय करता येईल सांगा. अप्पा दुपारी झोपलेत, उठले की पत्रिकेचं बोलते.

वॉर्डातली_माई
१० नोव्हेंबर, दुपारी १:५०
पाणी न पिता बसणं नको, बाइंडर बांधून तर मुळीच नको, चक्कर येते. दिवसभर आवळून ठेवू नये, मधे काढायला जागा पाहिजेच. बहुतेक कार्यालयांत नवरदेवाची वेगळी खोली असते ना, आतून कडी आणि आतच बाथरूम असलेली?

मधला_रस्ता
१० नोव्हेंबर, दुपारी २:०२
हेच लिहिणार होतो. नवरदेवाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं द्या. "आहेर आणि दागिने सांभाळायला याला खोलीवर ठेवलंय" असं सगळ्यांना सांगा. कुणाला काही वाटत नाही, उलट जबाबदारीचं काम दिलं म्हणतात. मी असंच निभावलं. हळद घरी असेल तर अंगाला हळद लावायच्या गोंधळातून त्याला आधीच मोकळा ठेवा, कपडे ओढायला लोक मागंपुढं बघत नाहीत.

खिचडी_कढी
१० नोव्हेंबर, दुपारी २:१०
किल्लीची आयडिया भारी. आमच्या लग्नात नवरदेवाच्या खोलीतूनच चपला गेल्या होत्या. बूट नीट सांभाळा.

सेलूकर_ताई
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८
मॅटर दिलं. छपाईवाले दादांचं ऐकलं, भावंडांच्या ओळीत कुणालाच काही लावलं नाही, मलाही सौ. नाही. नवीन नाव आहे. अप्पा बराच वेळ प्रूफ धरून बसले, मास्तर आहेत, आधी 'आशिर्वाद' मधली र्‍हस्व शि दीर्घ केली, 'उपस्थीती' ची दीर्घ स्थी र्‍हस्व केली. मग म्हणाले, "छापा. पण भावकीत मी कुणाला सांगत बसणार नाही. विचारणाऱ्याला तू उत्तर दे." म्हणजे आत्या माझ्या गळ्यात. पत्रिका वाचल्यावर पहिला फोन तिचाच येणार. काय सांगू? लांबड लावून सांगणं मला जमत नाही.

मधला_रस्ता
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५
"आत्या, हे आपल्या लहान्याचंच नाव आहे, आता तो या नावानं राहतो, तूही याच नावानं हाक मार." बास. नंतर ती रडेल, ओरडेल, डॉक्टरचं विचारेल. त्यावर "ते त्याचं तो बघतो, तू हळदीला कधी येतेस ते सांग." आधी भावाला विचारून घ्या की किती सांगितलेलं चालेल. आणि लग्नाच्या दिवशी नाही, पत्रिका वाटतानाच उरकून टाका.

मावशी_परतूर
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२२
आत्या असंच ऐकायची नाही. तिला मानाची साडी चांगली घ्या. खरंच सांगते. अन् नवरीकडच्यांनाही आधी कानावर घाला, त्यांना मांडवात कळलं तर ते मनाला लावून घेतील. मुलगी कुठली?

सेलूकर_ताई
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०
मावशी, परतूरचीच. पण नाव विचारू नका, तुम्ही उद्याच गावभर कराल. नवरीला भावानं साखरपुड्याआधीच सांगितलंय, तिनं घरी सांगितलंय का ते विचारते.

काकासाहेब_जिंतूरवाले
१० नोव्हेंबर, रात्री ८:११
प्रूफात 'परिवार' चा रि र्‍हस्व आहे का ते बघून घ्या. हल्ली प्रेसवाले दीर्घ छापतात.

अनामिक_हिंगोली
१२ नोव्हेंबर, रात्री ११:५८
आरटीआय भाऊ, धागा जुना झाला पण विचारते. माझ्या कागदांवर हिंगोलीचा पत्ता आहे आणि मी संभाजीनगरात हॉस्टेलला राहते, वर्ष होऊन गेलं. अर्ज कुठल्या जिल्ह्यातून करू? हॉस्टेलचं पत्र रहिवासाला चालतं का? घरी टपाल यायला नको आहे.

आरटीआय_भाऊ
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:०४
वर्ष झालं असेल तर संभाजीनगरमधून करा. प्रमाणपत्र पोर्टलवरून डाउनलोड करता येतं. पत्त्याच्या पुराव्याबद्दल वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो. इथं आता आत्याचा फोन आला का एवढंच सगळे विचारतील.