बाळंतपणानंतरचा थायरॉइड: तपासणी टाळू नका

बाळ पाच महिन्यांचं, केस मूठमूठ गळतायत, अंगात त्राण नाही आणि घरचे म्हणतात 'बाळंतपणाचा अशक्तपणा, डिंकाचे लाडू खा', असं तुम्ही लिहिलंय. लाडू जरूर खा, पण टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्याच. प्रसूतीनंतर काहींच्या थायरॉइडला सूज येते. आधी हार्मोन रक्तात जास्त उतरतं (धडधड, घाम, चिडचिड), मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात कमी पडतं. म्हणून बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आला असला, तरी तो आज पुरेसा नाही. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज) तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणींचं वर्षभरात पूर्ववत होतं, काहींना थायरॉइडची गोळी कायम लागते.

वरच्या प्रतिक्रियेत एकीने दूध पाजताना ही गोळी बंद करा असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका! लिव्होथायरॉक्सिन (म्हणजे हीच थायरॉइडची गोळी) अंगावर पाजताना चालते.

माझ्या बहिणीचा टीएसएच (थायरॉइड हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) गोळी चालू असूनही उतरेना. ती थायरॉइडची गोळी पहाटे घ्यायची खरी, पण तासाभरात नाश्त्यासोबत लोह आणि कॅल्शियमही. थायरॉइडची गोळी आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती गोळी नीट शोषली जात नाही. लोह दुपारी, कॅल्शियम रात्री केल्यावर पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.