मदत हवी आहे: सेकंडहँड पोर्शा केमन, विश्वासार्हतेचे गुण कमी पण मालक खूश. नेमकं काय धरून चालायचं?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

मुक्काम न्यू जर्सी. दुसरी गाडी म्हणून स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी फेरफटका, म्हणजे वर्षाला पाचेक हजार मैल. बजेट ३०,००० डॉलर, दुरुस्तीची रक्कम त्यातच धरून. गॅरेज आहे. गिअर हातानेच टाकायचे आहेत.

समोर तीन गाड्या आहेत:
१) २००७ ची केमन एस, ३.४ लिटर, ६१,००० मैल
२) २०१० ची साधी केमन, २.९ लिटर, ७८,००० मैल
३) २०१९ ची माझदा एमएक्स-५, ३४,००० मैल

कन्झ्युमर रिपोर्ट्स, जे. डी. पॉवर अशी गाडीमालकांची सर्वेक्षणं सगळी चाळून झाली. माझदा दोन्हीकडे चांगली दिसते. पण बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या बाबतीत चित्र उलटसुलट आहे: विश्वासार्हता सरासरीच्या खाली, आणि ‘हीच गाडी पुन्हा घ्याल का?’ याला मालकांचं उत्तर छातीठोक ‘हो’. कॉर्वेट हे तर ठळक उदाहरण. दुसरीकडे पोर्शाची ९११ विश्वासार्हतेच्या यादीत पहिली, आणि त्याच कंपनीच्या जुन्या इंजिनांबद्दल वाचलं की झोप उडते.

प्रश्न दोन. या आकड्यांतून सेकंडहँड घेणाऱ्याने काय उचलावं? आणि या दोन केमनपैकी कुठली, काय तपासून घ्यावी?

---

घाटवळण

आधी सर्वेक्षणात विचारतात काय ते पाहा, अर्धा गोंधळ तिथेच सुटेल.

कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या सदस्यांना गेल्या १२ महिन्यांत गाडीत काय बिघडलं ते विचारते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, इलेक्ट्रिकल असे वेगवेगळे विभाग असतात. मात्र अट अशी की खर्च, सुरक्षितता किंवा गाडी अडकून पडणं यामुळे मालकाला जो बिघाड *गंभीर वाटला* तोच नोंदवायचा. गंभीर काय, हे मालक ठरवतो. ज्याला रोज मुलांना शाळेत सोडायचं आहे, त्याला दोन दिवस गाडी गॅरेजात जाणं गंभीर वाटतं. ज्याच्या दारात दुसरी गाडी उभी आहे, तो तेच ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो. म्हणजे मालकाचं प्रेम फक्त समाधानाच्या आकड्यात मोजलं जातं असं नाही, विश्वासार्हतेच्या आकड्यातही ते थोडं झिरपतं.

समाधानाचा प्रश्न अगदीच वेगळा: सगळ्याचा विचार करता हीच गाडी पुन्हा घ्याल का? त्यात ‘नक्की घेऊ’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी निघते. बहुतेक उत्तरं देणारे नव्या गाडीचे मालक. बिघाड झाला तर वॉरंटीत दुरुस्त होतो, खिशाला चाट बसत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि इथे ते मोल खरोखरच दुसरं कुणी मोजत असतं. चौदा वर्षांची गाडी तिसऱ्या हाताने घेणाऱ्याला ही टक्केवारी एवढंच सांगते की गाडी चालवायला मजा येते. ते तर दहा मैलांच्या चाचणीतही कळतं.

जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षांच्या गाड्यांच्या पहिल्या मालकांकडून होतो. २०२१ मध्ये ९११ पहिली आली ती २०१८ च्या गाड्यांवर. १९९९ ते २००८ च्या इंजिनांशी त्या निकालाचा काही संबंध नाही. शिवाय तिथे दर १०० गाड्यांमागे तक्रारी मोजतात. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार, गिअरबॉक्स गेला ही पण एकच तक्रार.

आणखी एक. कमी खपाच्या गाड्यांचा नमुनाच पुरेसा मिळत नाही, म्हणून तक्त्यातली त्या वर्षाची चौकट बऱ्याचदा रिकामी असते. रिकामी चौकट म्हणजे ‘चांगली’ नव्हे.

---

नटबोल्ट

वरचं सगळं बरोबर. आता केमनकडे वळू, कारण इथे सर्वेक्षणातली खरी फट दिसते. २००७ ची आणि २०१० ची, दोन्ही ‘केमन’ याच नावाखाली येतात, आकारही सारखाच. पण २००९ च्या मॉडेलपासून इंजिन पूर्ण वेगळं आहे. तुमचा निर्णय त्यावरच ठरायला हवा.

२००६ ते २००८ चं इंजिन एम९७. त्यातल्या आयएमएस बेअरिंगच्या, म्हणजे मधल्या शाफ्टच्या बेअरिंगच्या, फुटण्याच्या गोष्टी तुम्ही वाचल्याच असतील. तो धोका प्रामुख्याने त्याआधीच्या लहान बेअरिंगच्या इंजिनांचा. केमन एस मध्ये मोठं बेअरिंग येतं, ते फुटायचं प्रमाण बरंच कमी आहे. मात्र इंजिनचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. म्हणून क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली येतो तेव्हा बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनच्या तेलाने त्याला वंगण मिळत राहतं. क्लचचं बिल असेल तर हे काम झालंय का ते विचारा.

३.४ लिटरचं खरं दुखणं सिलिंडरला चरे पडण्याचं. सिलिंडरची भिंत ॲल्युमिनियमची, तिच्यात सिलिकॉनचे कण, आणि पिस्टनच्या बाजूवर लोखंडी मुलामा. हा मुलामा निघायला लागला की पिस्टन भिंत खरवडतो. थंड हवेत सुरू करून लगेच रेटणं, जवळच्या जवळ फेऱ्या, इंजेक्टर गळून पेट्रोलने भिंतीवरचं तेल धुऊन जाणं, या सगळ्याने ते लवकर होतं. न्यू जर्सीचा हिवाळा त्याला पोषकच. चौथा ते सहावा सिलिंडर, ही बाजू आधी जाते. एकदा चरे पडले की इंजिन पूर्ण उघडून नवीन स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं आवरण) टाकाव्या लागतात, आणि ते बिल वीस हजार डॉलरच्या पुढे जातं. म्हणजे तुमचं दोन तृतीयांश बजेट एका बिघाडात. सर्वेक्षणात मात्र हा ‘इंजिन, मोठा बिघाड’ असा एकच ठिपका.

२००९ पासूनच्या इंजिनात तो मधला शाफ्टच नाही. सिलिंडरचं साहित्यही बदललं, चरे पडल्याच्या तक्रारी खूप कमी. आणि २.९ चा मोठा फायदा म्हणजे त्यात पेट्रोल जुन्या पद्धतीने इनटेकमध्ये फवारलं जातं. त्याच वर्षाच्या ३.४ ‘एस’ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) आहे, त्यासोबत हाय प्रेशर पंप आणि व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन आला. तुम्हाला पीडीके (पोर्शाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नको आहे हेही बरं, त्या गिअरबॉक्सच्या आतले सेन्सर जातात.

आकड्यांनी पाहिलं तर २.९ ला २६५ अश्वशक्ती, २००७ च्या एस ला २९५. रस्त्यावर हा फरक जाणवेल. पण वीस हजारांची टांगती तलवार डोक्यावर घ्यावी एवढा तो नाही.

---

सांजवारा

घाटवळण, नटबोल्ट, मनापासून आभार. मैल जास्त आहेत म्हणून २०१० ची मी मनातून जवळजवळ काढूनच टाकली होती. आता तपासणीचं सांगा. गॅरेजवाला ‘प्री-पर्चेस इन्स्पेक्शन’ म्हणून ५०० डॉलर मागतोय. त्यात नेमकं काय करून घ्यायचं?

---

नटबोल्ट

गाडी वर उचलून ‘सगळं ठीक आहे’ एवढं सांगायला ५०० देऊ नका. काम ठरवून द्या.

इंजिन कॉम्प्युटरमधून दोन गोष्टी काढायला सांगा. पहिली, ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची नोंद. ती सहा टप्प्यांत असते. टप्पा १ ते ३ मधले आकडे फार मनावर घेऊ नका. ४ ते ६ मध्ये आकडा असेल तर बहुधा चुकून खालचा गिअर पडलेला असतो. प्रत्येक टप्प्यापुढे तो कितव्या तासाला झाला ते लिहिलेलं असतं. ते इंजिनच्या एकूण तासांशी ताडून पाहा. हजार तासांपूर्वीचा असेल आणि गाडी नंतर नीट चालली असेल तर ठीक, गेल्या पन्नास तासांतला असेल तर सोडून द्या.

दुसरी, तेच एकूण तास. मैलांना तासांनी भागा. साधारण २५ ते ३५ च्या दरम्यान उत्तर यावं. ७८,००० मैलांना २,६०० तास, म्हणजे ३०, हे पटण्यासारखं आहे. उत्तर १५ आलं तर गाडी ट्रॅफिकमध्येच उभी राहिली आहे किंवा मीटरला कुणाचा तरी हात लागला आहे.

मग ऑइल फिल्टर. प्लॅस्टिकचं झाकण, आत कागदी काडतूस. ७४ मिलिमीटरचा टोपी-पाना लागतो. काडतूस कापून कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर उलगडायच्या आणि तिरप्या उजेडात पाहायच्या. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे बेअरिंग किंवा तत्सम काही. नाही चिकटले तर ॲल्युमिनियम. काळे, नखाने तुटणारे तुकडे प्लॅस्टिकचे, ते बहुतेकदा चेनच्या पट्ट्यांचे. यात एक मेख आहे: विकणाऱ्याने गेल्याच आठवड्यात तेल-फिल्टर बदलला असेल तर या तपासणीला अर्थ नाही. बिलावरची तारीख आणि मैल बघूनच ती करायची.

२००७ ची तरीही घ्यावीशी वाटली तर प्लग काढून सगळ्या सिलिंडरमध्ये कॅमेरा घाला, प्रत्येक पिस्टन तळाला आणून. पण प्लगच्या भोकातून भिंतीचा खालचा भाग नीट दिसत नाही आणि चरे तिथेच सुरू होतात. खात्री हवी असेल तर ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवून खालून पाहावं लागतं. हे काम ५०० डॉलरमध्ये बसणार नाही. ९११ मध्ये एका बाजूची सायलेन्सरची नळी जास्त काळी दिसली की शंका येते. केमनच्या नळ्या मधोमध शेजारी-शेजारी असल्याने ती खूण इथे फारशी कामाची नाही. गाडी किती ऑइल खाते हे मात्र जरूर विचारा. हजार मैलांना क्वार्टभर (जवळजवळ लिटरभर) म्हणाला तर पुढे बोलणी नकोत.

---

कोकणकडा

नटबोल्टने इंजिन सांगितलं, मी बाकीचं सांगतो. किरकोळ वाटणाऱ्या याच गोष्टी दोन्ही केमनमध्ये हटकून निघतात.

वॉटर पंप: ७८,००० मैलांत एकदाही बदलला नसेल तर घेतल्या घेतल्या बदला. एम९७ मध्ये पंपाची पाती प्लॅस्टिकची असतात. ती तुटली की तुकडे कूलंटच्या वाटांत जाऊन अडकतात.

एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनच्या वाफेतलं तेल वेगळं करणारा भाग): हा गेला की गाडी सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट निघतो. घरच्या घरी चाचणी म्हणजे इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडून पाहायचं. आतून कुणी ओढून धरल्यासारखं ते निघता निघत नसेल तर डायफ्रॅम फाटला आहे.

पुढचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर: बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारून पाहा. पाला साचतो, त्यात रस्त्यावरचं मीठ मिसळतं आणि जाळी कुजते. पाला भरून कुजलेला दिसला तर दोन्ही बाजूंचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

इग्निशन कॉइलला तडे जातात, ओल्या हवेत मिसिंग येतं. पुढून खड्ड्यात ‘टक’ असा आवाज आला तर कंट्रोल आर्मचे जॉइंट. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, असा टायर बदलायचाच. वर्षाला दोन हजार मैल चाललेल्या गाडीत हेच होतं. मैलांनी नव्हे, वर्षांनी भाग म्हातारे होतात, आणि नव्या गाडीच्या सर्वेक्षणात ते कधी येतच नाही.

बजेटमधले ५,००० डॉलर पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा. गाडी पंचवीसच्या आत मिळाली तरच घ्या.

---

घाटवळण

माझदाला अगदीच विसरू नका. २०१९ पासून १८१ अश्वशक्ती, वजन हलकं, भाग स्वस्त आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही जमणारी. २०१६-१७ च्या गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी जास्त होत्या, नंतर आतले भाग सुधारले. फक्त छताचं पाणी वाहून जाणाऱ्या नळ्या तपासा. सीटमागे त्यांचं तोंड असतं, कपभर पाणी हळू ओता. मागच्या चाकापुढे जमिनीवर ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर गालिचा ओला होतो आणि पुढे पत्रा गंजतो.

कॉर्वेट तुम्ही उदाहरण म्हणून घेतलीत, तिथेही तेच दिसतं. २००८ ते २०१३ च्या साध्या मॉडेलचं ६.२ लिटर इंजिन दणकट, पुढची बॅलन्सर पुली डगमगते एवढंच, आणि ती बदलायला मजुरी बरीच लागते. त्याच काळातल्या झी-०६ च्या ७ लिटर इंजिनात व्हॉल्व्ह गाइड झिजतात. व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर इंजिनच संपलं. नाव एकच, धोका वेगळा.

---

चिंचवडकर

इथे पुण्यात अशीच २०१० ची केमन विकायला आहे, म्हणून मधेच विचारतो. ही तपासणी इकडेही चालेल का?

नटबोल्ट

तशीच्या तशी. त्यात दोन गोष्टींची भर घाला. गाडीला ९८ ऑक्टेनचं पेट्रोल अभिप्रेत आहे, किमान ९५. साध्या पंपावर पूर्वी मिळणारं ९१ वर्षानुवर्षं घातलं असेल तर ते चांगलं लक्षण नाही. दुसरी म्हणजे कागदपत्रं. १५ वर्षं पूर्ण झाली की आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. ते कुणी भरायचं हे व्यवहाराआधी ठरवा. गतिरोधकांमुळे पुढच्या बंपरची खालची कड आणि खालची कव्हरंही पाहा.

---

सांजवारा

ठरलं. शनिवारी सकाळी २०१० ची पाहायला जातोय, पटली तर तिथूनच गॅरेजला. २००७ वाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. विकणाऱ्याला आधी काही सांगून ठेवायचं का?

नटबोल्ट

हो. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं मेसेजवर लिहून कळवा. केमनचं इंजिन सीटमागे असतं, डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बॉनेटवर हात ठेवून काही कळणार नाही. पोहोचल्या पोहोचल्या मागे जाऊन सायलेन्सरच्या टोकाला हाताची मागची बाजू लावून पाहा. गरम लागलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. थंड असेल तर स्वतः चावी फिरवा, खिडकी उघडी ठेवा, पहिला एक मिनिट ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, नुसतं ऐका. मग वीस मिनिटं चालवून आणा, इंजिन चालूच ठेवून खाली उतरा आणि मागच्या चाकाशी उभं राहून पुन्हा ऐका. इंजिन थंड असतानाची टिकटिक गरम झाल्यावर गेली तर चालेल. गरम झाल्यावर सुरू झाली तर गॅरेजचे ५०० वाचवा आणि घरी या.