तांबडी सुर्ला: आईला घेऊन जमेल का?

फोंडेकर: येत्या रविवारी आईला गोव्यातल्या तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ दाखवायचंय. पुढे धबधब्यापर्यंतही जावं म्हणतो. तिचे गुडघे दुखतात. जमेल का?

रानवाटा: देवळाला खुशाल न्या, गाडी जवळपर्यंत जाते. फक्त सकाळी लवकर पोचा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, कोवळं ऊन थेट गाभाऱ्याकडे येतं. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं हे काळ्या बेसाल्ट दगडाचं काम. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, तो वाकून बघा. कितीदा गेलो तरी माझा पाय तिथून निघत नाही.

धबधब्याची वाट मात्र आईंना नको. ओढे ओलांडावे लागतात, दगड शेवाळलेले. गेल्या वर्षी माझ्या भावाचा पाय तिथेच मुरगळला, त्याला आधार देत आणताना दोघांच्या पोटऱ्यांना जळवा चिकटल्या. शिवाय अभयारण्य आहे. वनखात्याकडे आधी विचारा, पावसात वाट बंद असू शकते.

सत्तरीकर: नदी देवळाच्या बाजूनेच वाहते. आईंना तिथे सावलीत बसवा, डबा घरूनच न्या. प्लास्टिक मात्र परत आणा, कळकळीची विनंती.

फोंडेकर: मग धबधबा राहू दे. आईसोबत नदीकाठीच बसतो.