सी-प्लेन आणि टोकनचे पैसे (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

सावंत बी-४, सकाळी ८:१२
ती गणपतीपुळ्याच्या प्लॉटची जाहिरात परत कोणी टाकली? "सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) येणार, भाव दुप्पट होणार." जाहिराती नकोत असं मीटिंगमध्ये ठरलं होतं ना? आमच्या हिने टोकनसुद्धा देऊन टाकलंय, मला न विचारता.

कदम सी-२, ८:१५
मीच टाकली. माहिती म्हणून 🙏 जबरदस्ती कोणावर नाही.

शेट्ये वहिनी ए-१, ८:१६
टाकी धुवायचं काय झालं? पाण्याला वास येतोय.

लेले काका ए-३, ८:३१
सावंत, उरलेले पैसे देण्याआधी गुजरातच्या केवडियाचं, सरदार पटेलांचा पुतळा आहे तिथलं, काय झालं ते बघा. ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादच्या साबरमतीवरून तिथे सी-प्लेन सुरू झालं. अंतर दोनशे किलोमीटर, गाडीने चार तास, विमानाने पाऊण तासाच्या आत. तिकीट दीड हजारापासून. धक्का नवा कोरा. सरदार सरोवराजवळच्या ज्या तळ्यात उतरायचं होतं, तिथल्या मगरी वन खात्याने २०१९ मध्येच पकडून हलवायला घेतल्या होत्या. एवढी सगळी तयारी, आणि विमान किती? एक. तेही मालदीवहून भाड्याने आणलेलं, जवळपास पन्नास वर्षांचं. महिनाभरात देखभालीसाठी मालदीवला परत गेलं. आलं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा गेलं आणि सेवा बंद पडली ती पडलीच.

परब सी-५, ८:३३
मगरी हलवल्यानी? मगे वाशिष्ठीच्या मगरींका प्लॉट खय देतलास? 😂

कदम सी-२, ८:३६
ते गुजरातचं झालं. केंद्राच्या सी-प्लेनच्या यादीत गणपतीपुळ्याचं नाव २०२१ मध्येच आलंय.

लेले काका ए-३, ८:३७
यादीत आपल्या गल्लीचा रस्ताही आहे.

शेट्ये वहिनी ए-१, ८:३८
टाकी???

निखिल बी-१, ८:४४
काका, मुंबईतही झालं होतं ना? २०१४ ला जुहूहून लोणावळ्याच्या बाजूला सुरू केलं होतं. मग २०१७ ला गिरगाव चौपाटीवर गडकरींसमोर चाचणी. दोन्ही वेळा पेपरात मोठा फोटो.

परब सी-५, ८:४५
फोटोत बसान खय जातलस?

कदम सी-२, ८:४९
नकारघंटा वाजवायची म्हटलं की सगळे हजर. सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळालाही लोक असेच हसायचे. झालंच ना २०२१ मध्ये?

परब सी-५, ८:५०
झाला तर. विमान कधी आसता, कधी नसता.

लेले काका ए-३, ९:०२
हसण्याचा प्रश्न नाही कदम. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला सपाट पाणी लागतं, म्हणून तलाव नाहीतर धरण बघतात. महायुद्धाआधी इंग्लंडहून टपाल आणि प्रवासी घेऊन येणारी विमानं कराचीनंतर राजसमंद तलावात उतरायची, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. ते राजसमंद उदयपूरजवळचं, संस्थानी तलाव. युद्धाच्या काळात जागोजाग धावपट्ट्या झाल्या, चाकांची विमानं लांब जाऊ लागली आणि १९५० मध्ये ब्रिटिशांच्या सरकारी विमान कंपनीने पाण्यावर उतरणारी विमानं वापरणं बंद केलं. तलाव तिथेच आहे, विमान कोणाला आठवतही नाही. गणपतीपुळ्याला तर उघडा समुद्र. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरसुद्धा बंदरात बांधून ठेवतात, तिथे विमान कुठे टेकवणार?

कदम सी-२, ९:०५
खाडीत उतरेल. एजंट म्हणाला.

सावंत बी-४, ९:०६
एजंट म्हणाला! आणि विमानाचं पार्किंग नंतर बघू, तुमची दुसरी गाडी गणपतीपासून माझ्या जागेवर उभी आहे.

कदम सी-२, ९:०७
त्याचा इथे काय संबंध? पर्सनलवर बोला.

शेट्ये वहिनी ए-१, ९:०८
टाकीबद्दल कोणी पर्सनलवर बोलेल का माझ्याशी?

सेक्रेटरी, ९:१५
वहिनी, टाकीवाला शनिवारी येतोय. बाकी सर्वांना नम्र विनंती, भाषा सांभाळा.

सावंत बी-४, ९:१८
नम्रपणेच विचारतो. कदमसाहेब, तुम्ही स्वतः टोकन भरलंत का?

कदम सी-२, ९:२६
भरलंय. दोन प्लॉटचं.

लेले काका ए-३, ९:२७
पावतीवर सी-प्लेनचा एक शब्द तरी आहे का बघा.

कदम सी-२, ९:४०
नाही.

सावंत बी-४, ९:४१
मी उद्या दहाला एजंटच्या ऑफिसात जातोय, पैसे परत मागायला. येताय?

कदम सी-२, ९:४३
येतो. गाडी माझी काढू.

सावंत बी-४, ९:४३
काढाच.