राइझ, रेझ आणि आलमट्टी
इंग्रजीतली 'राइझ' (rise, वर चढणे) आणि 'रेझ' (raise, वर चढवणे) ही क्रियापदं सरळ घोकून टाका, असं काही जण सांगतात. पटलं नाही. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे आहे ना, तीच ही जोडी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा चढते, ते राइझ, आपसूक. कर्नाटकाला आलमट्टी धरणाची पाणीपातळी 519 वरून 524 मीटरवर न्यायची आहे, ते रेझ. कोल्हापुरातल्या पोरांना हे लगेच कळतं, पुराची धास्ती घरोघरी आहे.

एक भर घालतो: 'फॉल'चंही (fall, पडणे) असंच प्रयोजक, म्हणजे क्रिया घडवून आणणारं, रूप आहे, 'फेल' (fell, नापासवाला नव्हे), म्हणजे झाड पाडणे. गोची अशी की 'फॉल'चा भूतकाळही 'फेल'च. तसंच 'लाय'चा (lie, आडवं होणे) भूतकाळ 'ले' (lay), आणि आडवं ठेवणाऱ्या 'ले'चा 'लेड'. घोकायचंच असेल तर एवढंच घोका.