मदत हवी आहे: कार्बन मोनॉक्साइडचं ऋण टोक कार्बनकडे कसं?

डायपोल मोमेंटवरून (रेणूतले धन-ऋण चार्ज किती मोठे आणि किती दूर, याचं माप) अणूंवरचे आंशिक चार्ज काढतोय. एक इलेक्ट्रॉनइतका चार्ज एक अँगस्ट्रॉम अंतरावर ठेवला की ४.८० डीबाय (मोमेंटचं एकक) होतात, त्यामुळे मोमेंटला बंधलांबी गुणिले ४.८० ने भागायचं. हायड्रोजन क्लोराइड: १.०८ भागिले (१.२७५ × ४.८०), म्हणजे ०.१८. पाण्यात १०४.५ अंशांचा कोन धरून बेरीज केली की प्रत्येक हायड्रोजनवर ०.३३ येतो. इथवर सगळं सुरळीत.

कार्बन मोनॉक्साइडपाशी घोडं अडलंय. विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीतला) फरक ०.८९, हायड्रोजन क्लोराइडच्या ०.९६ च्या जवळपास. मोमेंट मात्र जेमतेम ०.११ डीबाय! चार्ज येतो ०.०२, आणि ऋण टोक कार्बनकडे. फॉर्मल चार्ज कार्बनवर उणे एक येतो हे माहीत आहे, पण तो बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटून काढलेला हिशेब, त्याने समाधान होत नाही. ऑक्सिजन खरंच इलेक्ट्रॉन सोडतो का?

उत्तर: नाही, ऑक्सिजन ओढतोच. अडचण सूत्रात आहे. सगळा चार्ज अणुकेंद्रावरच्या बिंदूत बसलाय असं ते धरून चालतं. इथे कार्बनची लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनजोडी) ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूला चांगलीच बाहेर आलेली असते. तिचा मोमेंट उलट्या दिशेचा, आणि बंधाच्या ध्रुवीयतेला पुरून थोडा उरणारा. ते ०.११ म्हणजे या वजाबाकीची बाकी. त्यावरून कार्बनवर ऋण चार्ज आहे असं म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉन घनतेची अणूंमध्ये वाटणी करणाऱ्या गणितांत तो बहुधा धनच निघतो.

अमोनिया १.४७ डीबाय आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड फक्त ०.२३, हेही ताडून बघा. अमोनियात लोन पेअरचा मोमेंट बंधांच्या मोमेंटच्याच दिशेने, दुसऱ्यात विरोधात.

प्रश्नकर्ता: हे पटलं. मग हायड्रोजन क्लोराइडचा ०.१८ पण टाकून द्यायचा?

उत्तर: टाकू नका, क्लोराइड-ब्रोमाइड-आयोडाइड अशा एका घराण्यातल्या तुलनेला तो चालतो. फक्त 'क्लोरीनवर नेमका इतकाच चार्ज' असं लिहू नका, कारण लोन पेअर तिथेही आहेत. कार्बन डायऑक्साइडमध्ये तर मोमेंट शून्य, पण म्हणून अणूंवर चार्ज नाही असं थोडंच आहे? त्याचा माग क्वाड्रुपोल मोमेंटमध्ये (चार्जच्या वाटणीचं डायपोलच्या पुढच्या पायरीचं माप) लागतो.